न उघडणारी चित्रफीत



गेल्या महिन्यात शाळेचं कपाट आवरताना एक जुनी सीडी सापडली. वर निळ्या पेनाने लिहिलेलं, 'स्नेहसंमेलन २००४'. त्यात आमचे शिपाईमामा पोवाडा म्हणतात. मामा आता नाहीत. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे, चौथीत. तिला आजोबा दाखवावेत म्हणून मी हौसेने सीडी संगणकात घातली. फाइल दिसली, पण उघडेना! ती ज्या प्रोग्रॅममध्ये बनली, तो कधीच बंद पडलाय.

असं का बरं व्हावं? आधी थोडं गणित करू. (तोंडं वाकडी करू नका!) चित्रफीत म्हणजे सेकंदाला साधारण २५ स्थिर चित्रं. एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, दर ठिपक्याला ३ बाइट. करा गुणाकार. सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट! एवढं ओझं इंटरनेटवरून कसं येणार? म्हणून एक युक्ती करतात. मी शिकवताना फळा हलत नाही, माझा हात हलतो. मग फळा एकदाच पाठवायचा, पुढे फक्त बदल कळवायचे. ते कसे लिहायचे याचे नियम म्हणजे फॉरमॅट. थोडा भाग आला की तो दाखवायला लागायचं, बाकीचा मागून येत राहतो, हे झालं स्ट्रीमिंग.

पण या नियमांना मालक असतात. २००३ साली आलेल्या एच.२६४ चे नियम छापलेले मिळतात, मात्र त्यातल्या युक्त्यांची पेटंटं अनेक कंपन्यांकडे होती. मोठ्या प्रमाणावर वापरायचं तर पैसे भरा. माझ्या सीडीचे तर नियमच गुप्त! पणजोबांचं मोडी पत्र वाचता आलं नाही, तर मोडी शिकता येते. बाराखडीच कुणी कुलपात ठेवली तर?

काहींनी ती उघडी ठेवली. ऑन२ या कंपनीने आपला व्हीपी३ सर्वांना देऊन टाकला. त्यातून झिफ संस्थेने थिओरा तयार केला. २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ या ब्राउझरमध्ये तो वेगळं काही न बसवता दिसू लागला. खरं सांगते, तेवढ्याच आकारात त्याचं चित्र एच.२६४ पेक्षा धूसर दिसे. पुढे गूगलने ऑन२ विकत घेतली आणि २०१० मध्ये वेबएम खुला केला. २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एव्ही१ आणला, तेव्हा धूसरपणाची तक्रार उरली नाही.

विकिपीडियाच्या चित्रफिती कॉमन्सवर असतात. तिथे एमपी४ घ्यावं का, यावर २०१४ मध्ये खूप वाद झाला, आणि नको असंच ठरलं.

तुमच्या घरच्या चित्रफितींच्या नावाशेवटी काय लिहिलंय, बघून मला कळवा हं.

आणि ती सीडी? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एका खुल्या प्रोग्रॅमने ती उघडली. कुणीतरी चिकाटीने ते गुप्त नियम शोधून काढले होते! फाइल आता वेबएममध्ये ठेवली आहे. चित्रावर पट्टे आहेत, आवाज मात्र खणखणीत. नातीने पोवाडा तीनदा ऐकला.