गल्ल्यावर लॅपटॉप की डेस्कटॉप?

आपल्या व्यापारी बांधवांच्या गल्ल्याशेजारी संगणक आला तो गरजेपोटी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि जुन्या नाशकातल्या घाऊक दुकानदारापासून अंबडला लेथ चालविणाऱ्या कारागिरापर्यंत अनेकांची वही संगणकात गेली. वर्षाला ५ कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचे ई-इन्व्हॉइसही बंधनकारक झाले. आता प्रश्न उरला आहे तो कोणता संगणक घ्यावा एवढाच, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण विक्रेत्यावर सोपवून मोकळे होतात. विक्रेता लॅपटॉप दाखवतो. तो दिसायला सुबक, घरी नेता येणारा, मुलांच्याही उपयोगी पडणारा. गिऱ्हाईक खूष होऊन घरी येते.

आमचे मत असे की ज्याचे काम दिवसाचे आठ-दहा तास एकाच खुर्चीवर चालते, त्याने डेस्कटॉपच घ्यावा. हिशेबनीस, कर सल्लागार, लग्नपत्रिका छापणारे, उर्दू-मराठी डीटीपी करणारे, भरतकामाच्या यंत्राची डिझाइन काढणारे हे सारे याच वर्गात मोडतात.

पहिले कारण मानेचे. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सोयीच्या उंचीवर ठेवले की मान खाली वाकते, पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात. तासभर हे चालून जाते, वर्षानुवर्षे नाही. स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतल्यास हा दोष जातो हे खरे, परंतु मग टेबलावर डेस्कटॉपचाच पसारा मांडला जातो आणि पैसे मात्र लॅपटॉपचे मोजलेले असतात.

दुसरे कारण धूळ. शिलाईखान्यात कापडाचे तंतू, मसाल्याच्या दुकानात भुकटी, वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस. हे सारे पंख्यात जाऊन बसते, यंत्र तापते आणि तापले की मंद चालते. डेस्कटॉपचे कॅबिनेट उघडून सफाई करणे सोपे आहे. लॅपटॉप बहुधा कारागिराकडेच न्यावा लागतो, आणि तो तिकडे असेपर्यंत दुकानातली बिले हाताने फाडावी लागतात. डेस्कटॉपचा एसएमपीएस जळाला तर तेवढाच बदलतो. लॅपटॉपमध्ये अनेकदा रॅमसुद्धा मदरबोर्डलाच डाखलेली असते.

परंतु आमच्या दृष्टीने सर्वांत वजनदार कारण वेगळेच आहे. लॅपटॉप एकदम, अखंड विकत घ्यावा लागतो, म्हणून लोक हप्त्यांकडे वळतात. दुकानावर पाटी असते ‘बिनव्याजी हप्ते’. आपला माणूस समजतो, चला, व्याज नाही म्हणजे अडचण नाही. प्रत्यक्षात अशा व्यवहारात क्रेडिट कार्डाची बँक व्याज लावतेच. तेवढीच रक्कम विक्रेता सवलत म्हणून किमतीतून वजा दाखवतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच खात्यावर पडते. कार्डाचे मासिक विवरण काढून पाहावे, त्यात व्याजाची ओळ स्पष्ट छापलेली सापडेल. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते दुसऱ्या नावाने वसूल होते. दुकानदाराने स्वतः, ठरलेल्या एकाच किमतीला, उधारीवर माल देणे ही गोष्ट निराळी. त्याबद्दल आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून घ्यावे.

डेस्कटॉप मात्र तुकड्या-तुकड्याने रोखीत उभा करता येतो. आज कॅबिनेट घ्यावे, घरचा जुना मॉनिटर लावावा. दोन महिन्यांनी मोठा मॉनिटर, पुढच्या ईदनंतर आणखी रॅम. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याच्या मिळकतीच्या चालीशी हे यंत्र जुळते. शेजाऱ्याकडे आहे म्हणून घेतलेला लॅपटॉप हा साधा इसराफ आहे, मग तो हप्त्यावर असो वा रोख.

लॅपटॉपवाल्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांत फिरणारा कांदा व्यापारी किंवा साइटवर जाऊन माप घेणारा ठेकेदार डेस्कटॉप घेऊन काय करणार? वीज गेली की लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो, डेस्कटॉपला यूपीएस लागतो आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. हा खर्च किमतीत धरावा. विजेचा फरक दिवसाला दहा तास वापर धरला तर महिन्याला पंधरा-वीस युनिटांचा. आणि नाशिकची एक गोष्ट कोणताही विक्रेता सांगणार नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत शिरले. अशा वेळी लॅपटॉप काखेत मारून निघता येते. काउंटरखाली जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट तिथेच बुडते. नदीकाठच्या दुकानदारांनी ते कमरेइतक्या उंचीच्या फळीवर ठेवावे आणि हिशेबाची एक प्रत रोज रात्री पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्यावी. खरे तर ही प्रत लॅपटॉपवाल्यालाही तितकीच गरजेची, कारण तो चोरीला जातो.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी जपून पाऊल टाकावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवरच रीतसर चालते. कंपन्यांतून निघालेले स्वस्त डेस्कटॉप बाजारात भरपूर येतात, पैकी पिढी विचारल्याशिवाय एकालाही हात लावू नये.

शेवटी बिलाचे. डेस्कटॉप असो की लॅपटॉप, नव्या यंत्रावर जीएसटी १८ टक्केच. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राचा हा कर नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला परत वजा मिळतो, मात्र बिल धंद्याच्या नावे आणि त्यावर आपला जीएसटी क्रमांक हवा. मुलाच्या नावाने बिल फाडले की ते पैसे गेले. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना ही वजावट नाही, त्यांनी किंमत पूर्णच धरावी.