एक पटर पुरे!

स्पष्टच लिहितो. डिस्क गोल्फ शिकताना अप्रोचसाठी म्हणून वेगळी डिस्क विकत घेणं हा पैशांचा अपव्यय तर आहेच, शिवाय हात बिघडवायची खात्रीशीर युक्ती आहे. ज्या पटरने टोपलीत नेम धरता, तोच पन्नास मीटरवरूनही फेका. चिडणाऱ्यांनी खुशाल चिडावं.

घरच्या मंडळींसाठी थोडक्यात: हे गोल्फच, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. पहिली फेक लांब, शेवटची अलगद टोपलीत. या दोहोंमधली, डिस्क टोपलीजवळ नेऊन ठेवणारी फेक म्हणजे अप्रोच.

आता डिस्कचे चार आकडे बघा: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण, शेवटचं वळण. इनोव्हाचा एव्हिआर हा पटर २, ३, ०, १. डिस्क्राफ्टची झोन ४, ३, ०, ३. झोनचा तो शेवटचा ३ म्हणजे वेग ओसरला की उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क हमखास डावीकडे वळणार. समोरून वारा असेल तर ही डिस्क सोनं आहे, मान्य! पण नवख्यासाठी ती कुबडी आहे. फेक डगमगली, मनगट वाकडं सुटलं, तरी ती आपली गपगुमान डावीकडेच जाते. चूक झाली हे कळतच नाही. पटर मात्र लगेच चुगली करतो. हात वाकडा पडला की तो उजवीकडे कलंडतो आणि तुम्ही शिकता. नाचता येईना अंगण वाकडं, इथवर ठीक होतं हो. आपण तर नवीन अंगणच विकत घ्यायला निघालो!

कॅरममध्ये जवळच्या सोंगटीला एक स्ट्रायकर आणि लांबच्या सोंगटीला दुसरा, असं कोणी करतं का? स्ट्रायकर तोच, बोटातला जोर बदलतो. अप्रोचचंही तेच. डिस्क किती लांब जाते यापेक्षा कुठे थांबते हे महत्त्वाचं, आणि ते हाताला कळायला डिस्क एकच हवी.

तरीही विविधता हवीच असेल तर स्वस्त प्लास्टिकचे एकाच साच्याचे दोन-तीन पटर घ्या. ते वापरून झिजतात आणि झिजलेली डिस्क शेवटी कमी वळते. नवा वाऱ्यासाठी, मुरलेला सरळ फेकीसाठी. झाली की तुमची पिशवी!

१९७५ मध्ये एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत पहिला कायमचा कोर्स उभारला, तेव्हा लोक साध्या फ्रिसबीनेच खेळत. कडेला उतार दिलेल्या गोल्फ डिस्क आल्या १९८३ मध्ये. एका तबकडीवर, बागेत चालत चालत खेळता येतो म्हणून तर हा गरिबाचा गोल्फ. पोरासोरांना पहिल्याच दिवशी दहा डिस्कची यादी हातात दिली तर ती येतील कशाला?

वाद घालायचाय? जरूर. आधी एकाच पटरने शंभर अप्रोच फेका, मग भांडू.