सत्तरीचे कार्ड

आयुष्मान कार्ड गरिबांचेच, हा समज जालन्याच्या मोंढ्यात अजून दृढ आहे. वस्तुतः २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, खासगी विमा असला तरीही, ते मिळते. कुटुंबातील अशा ज्येष्ठांस मिळून वर्षाला ५ लाखांचे संरक्षण! घरच्या वडीलधाऱ्यांचे कार्ड अवश्य काढावे.

वादाचा मुद्दा निराळाच. ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची. रक्तदाब-मधुमेहाची गोळी मात्र रोजची, आजन्म. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. पण रांगेत आपल्यापैकी कोण उभा राहतो? दुकानातून घेतलेली गोळी घरच्याच खतावणीत पडते. ती चुकून झटका आला, की लाखांचे बिल सरकार भरणार. व्यापारी माणसास हा हिशेब उलटा वाटतो.