परदेशी जाताना औषधांचा डबा आणि हातातला फोन

अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कर्जत तालुक्यातले मिरजगाव लागते. अशा गावांतून पूर्वी परदेशी जाणारा बहुधा शिकायला वा नोकरीला निघालेला तरुण असे. आता त्याच्या मागोमाग आईवडीलही निघतात. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी, कोणी नातवंडे सांभाळायला, तर कोणी उमऱ्याला. वय साठीच्या पुढे, सोबतीला रक्तदाब किंवा मधुमेह आणि हातात प्रीपेड फोन. डिंकाचे लाडू, मेतकूट, गोळ्यांच्या पट्ट्या हे सारे मोजून भरले जाते. फोनविषयी मात्र ‘तिथे घरी वायफाय आहे’ एवढ्या एका वाक्यावर चर्चा संपते. आपल्या घरीही ती तशीच संपली असेल, तर वाचकहो, प्रस्थानापूर्वी हातात पंधरा दिवस असतानाच पुढील मजकूर वाचावा.

वायफायवर व्हॉट्सअॅप चालते, बहुतेक देशांतून मिरजगावच्या अंगणाशी चित्रफोनही होतो. परंतु व्हॉट्सअॅपवरून रुग्णवाहिका बोलावता येत नाही. मुलगा आणि सून कामावर गेलेली, घरात आजी-आजोबा दोघेच आणि दुपारी एकाच्या छातीत कळ आली, अशा वेळी साधा फोनच लावावा लागतो. आपल्याकडे १०८ किंवा ११२ हे क्रमांक तोंडी असतात. अमेरिकेत मात्र ९११, ब्रिटनमध्ये ९९९, संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८, सौदी अरेबियात ९९७ आणि ऑस्ट्रेलियात तीन शून्ये लावावी लागतात. जिथे जायचे आहे तिथला एकच क्रमांक पाठ करावा. सगळे पाठ करू गेल्यास ऐनवेळी एकही आठवत नाही.

फोन लागला तरी ‘कुठून बोलता?’ हा प्रश्न उरतोच. इथे बहुतेकांची वाट अडते. यावर एक साधा उपाय आहे. मुलाच्या घराचा पत्ता देवनागरीत, उच्चारानुसार, आकडे सुटे करून मोठ्या अक्षरांत लिहावा आणि शीतकपाटाच्या दारावर चिकटवावा. इंग्रजी न वाचणाऱ्या आजीलाही तो मोठ्याने वाचून दाखवता येतो. अमेरिकेतील अनेक मदतकेंद्रांत दुभाषा जोडून देण्याची सोय असते. ‘हिंदी’ हा एक शब्द स्पष्ट उच्चारता आला तरी पुढचे संभाषण होऊ शकते.

म्हणून मुक्काम महिन्याभराहून अधिक असेल, तर तिथले स्थानिक प्रीपेड कार्ड आईवडिलांच्या फोनमध्ये असावेच, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन कार्डांचा फोन असल्यास एका जागी ते आणि दुसऱ्या जागी भारतीय कार्ड ठेवावे. भारतीय कार्डावरचे डेटा रोमिंग बंद करावे. (मुलाने अमेरिकेतून आयफोन भेट दिला असेल तर जरा थांबा. तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनांत कार्ड घालायची फटच नसते. भारतीय क्रमांक ई-सिममध्ये बदलून घ्यायचा असेल तर ते काम गावी असतानाच उरकावे.)

भारतीय क्रमांक जागा ठेवण्याचे कारण केवळ बँकेचा ओटीपी नव्हे. आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाची आठवणही याच क्रमांकावर येते. ती हुकली, मुदत टळली आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर जुन्या आजारांसाठी वर्षानुवर्षे भोगून संपवलेला प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. परतल्यावर मोतीबिंदूची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर हे केवढ्याला पडेल याचा हिशेब आपणच करावा. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस मुळीच न वापरलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असल्यास त्याला मुदतवाढ मिळते. अमेरिकेतला पाहुणचार अनेकदा सहा महिन्यांचा असतो, हे इथे ध्यानात घ्यावे. रिचार्जच्या तारखा गावातल्या पुतण्याकडे लिहून द्याव्यात. ते तो इथूनच करू शकतो.

काही जण कार्डच पुतण्याकडे ठेवून जातात आणि ओटीपी त्याच्याकडून विचारून घेतात. आम्हाला ही रीत पसंत नाही. पुतण्या कितीही सज्जन असो, बँकखात्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते. शिवाय दोन देशांच्या दिवसरात्रीचा मेळ बसत नाही, तो झोपलेला असताना ओटीपीची मुदत संपून जाते.

नेहमीचा ‘अमर्याद’ रिचार्ज सीमेपलीकडे लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे लागते. येणारे लघुसंदेश सहसा विनामूल्य असतात, पण येणाऱ्या फोनला पैसे पडतात. ‘पोहोचलात का?’ विचारणाऱ्या चार नातेवाइकांत शिल्लक संपते. प्रीपेडला न परवडणारे बिल येत नाही हे खरे, पण तो संपतो तेव्हा गप्पच होतो. आपुलकीचे फोन व्हॉट्सअॅपवरच करावेत, असे सर्वांना आधी सांगून ठेवावे.

फोनातले जुने क्रमांक दहा आकडी असतात. परदेशातून ते लागत नाहीत. डॉक्टर, विमा कंपनीचे मदतकेंद्र आणि घरचे दोघे एवढ्यांच्या क्रमांकांआधी तरी अधिक चिन्ह आणि ९१ जोडून घ्यावे.

आता औषधांच्या गजराविषयी. विमान उतरताच फोनचे घड्याळ आपोआप तिथली वेळ दाखवू लागते आणि गजरही त्याच वेळेनुसार वाजतो. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. रात्री आठची गोळी तिथल्या आठला घेतली, तर दोन मात्रांमधले अंतर दीड दिवसाच्या आसपास जाते. काही गोळ्यांना ते चालते. इन्सुलिनच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतीत ते अंदाजाने ठरवू नये. प्रवासाच्या दिवसाचे आणि पहिल्या दोन दिवसांचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. त्या कागदाचे आणि चिठ्ठीचे छायाचित्र फोनमध्येच जतन करावे, म्हणजे इंटरनेट नसतानाही ते उघडते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव मागून घ्यावे, कारण आपले पॅरासिटामॉल अमेरिकेतल्या दुकानात अॅसिटअॅमिनोफेन या नावाने मागावे लागते.