आदिमानव वाल खायचा का?

थंडी पडली की पेण-रोह्याकडे पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे अंडी, बटाटे, रताळी, मसाला लावलेलं चिकन आणि तोंडाशी परत पाला. मडकं शेतात उपडं घालायचं, भोवती गवत-काटक्या रचून पेटवायचं. तेलाचा थेंब नाही की पाण्याचा. एवढी 'आदिम' रेसिपी महाराष्ट्रात दुसरी शोधून सापडायची नाही. पण हल्ली या पोपटीभोवती एक नवा सीन दिसायला लागलाय. घोळक्यातला एखादा चिकन आणि अंडी घेतो, शेंगा मात्र बाजूला सारतो. का रे? तर 'मी पेलिओवर आहे'.

पेलिओवाल्यांचा हिशोब असा: माणूस लाखो वर्षं शिकार करून, कंदमुळं-फळं गोळा करून जगला. शेती आली ती साधारण दहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे आपलं शरीर अजून शेतीच्या आधीच्या अन्नासाठीच बनलेलं आहे. म्हणून मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालेल. भात, पोळी, भाकरी, डाळी, कडधान्यं, दूध, साखर आणि पाकिटातलं काहीही चालणार नाही. ही कल्पना रील्सच्या बरीच आधीची. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तिचं रीतसर 'डाएट' केलं. भारतात तिने खरा जोर धरला तमिळनाडूत. तिथे फेसबुक ग्रुपमधून तिचा प्रसार झाला आणि शाकाहारी लोकांसाठी पनीर, तूप, बदाम अशी देशी आवृत्ती निघाली. (कॉर्डेनसाहेबांच्या यादीत दूधच नाही, पण ते असो.)

डाएटची लाट आपल्याला नवी नाही. २०१८ च्या आसपास डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं 'दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत' घराघरात पोचलं होतं. त्यात भर होता तो किती वेळा खायचं यावर, भाकरी-आमटी ताटात जागच्या जागी होती. पेलिओ थेट त्या ताटालाच हात घालतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी तो तीस दिवस करून पाहिला. दोघं पेणचे, दोघं रोह्याचे, त्यात एक मुलगी आणि एक पक्का शाकाहारी. पहिला आठवडा सगळ्यांचा सारखाच गेला. डोकं जड, चिडचिड, लेक्चरला पेंग. घरी भाताचं पातेलं उघडलं की त्या वाफेनेच अर्धा निश्चय विरघळायचा. दहाव्या दिवशी काटा दोन-अडीच किलो खाली आला आणि ग्रुपवर फोटो पडले. यात जादू काही नाही. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तीनेक ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. भात-पोळी बंद केली की तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. सुरुवातीच्या घसरणीत चरबीचा वाटा फार थोडा असतो.

शाकाहारी मित्राने नवव्या दिवशी सोडलं. डाळ नाही, कडधान्य नाही, दूध नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याला राहिलं ते खोबरं, बदाम आणि भाज्या. मैत्रिणीची पाळी लांबली तेव्हा तिने थांबवलं आणि डॉक्टरांना गाठलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'दिवसभरात एकूण खातेस किती?' उत्तर होतं, फार कमी. यादीतलं महाग म्हणून ती घेत नव्हती आणि घरातलं यादीत नाही म्हणून ते खात नव्हती. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया ॲनिमिक आहेत हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलंय. असल्या प्रयोगात मुलींची बाजू वेगळी का मोजायला हवी, ते यावरून कळावं.

उरलेल्या दोघांना, म्हणजे मला आणि पेणच्या मित्राला, फायदा झाला. दुपारी चारची झोप गेली, ॲसिडिटी कमी झाली. पण मित्राचा आधीचा दिवस बघा: सकाळी मेमू पकडायच्या आधी चहा-खारी, स्टेशनवर वडापाव, कँटीनमध्ये सामोसा आणि कोल्ड्रिंक, रात्री डोंगराएवढा भात. यातून मैदा, साखर, तळण काढलं आणि रोज दोन अंडी नि मासे घातले तर कोणालाही बरं वाटेल. त्याचं श्रेय वाल सोडल्याला कसं द्यायचं?

कडधान्यांवर पेलिओचा राग कशासाठी? त्यात लेक्टिन आणि फायटेट असतं म्हणून. लेक्टिन आतड्याला त्रास देऊ शकतं आणि फायटेटमुळे लोह, जस्त नीट शोषलं जात नाही. कच्च्या कडधान्याबद्दल हे खरंही आहे. पण कच्चे वाल खातंय कोण? आपल्याकडे बिरडं कसं होतं ते आईला विचारा. वाल रात्रभर भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग शिजवायचे. भिजवणं आणि मोड आणणं याने फायटेट कमी होतं, नीट शिजवल्यावर लेक्टिनचा जोर मोडतो. ज्या आजीने लेक्टिन हा शब्द आयुष्यात ऐकला नाही तिने त्याचा बंदोबस्त दोन दिवस आधीच केलेला असतो. शिवाय शंभर ग्रॅम कोरड्या वालात प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच तांदळात सात-आठ. आणि हे पीक येतं भात कापल्यावर, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वेगळं पाणी न मागता.

बरं, आदिमानव तरी धान्य-कडधान्य खात नव्हता का? २०११ मध्ये इराकमधल्या शानिदार आणि बेल्जियममधल्या स्पाय इथल्या निअँडरथल माणसांच्या दातांवरचं कीटण तपासलं गेलं. शानिदारच्या दातांत जंगली गवतबियांचा आणि शेंगवर्गीय वनस्पतींचा स्टार्च सापडला, त्यातला काही शिजवलेला. जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्या सुमारे चार हजार वर्षं आधीचे. आदिमानव मिळेल ते खायचा. ज्याच्या हाताशी वाल असते त्याने ते भाजून खाल्लेच असते, असं मला तरी वाटतं.

मग पेलिओ साफ चूक? तसंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास आहे, इंडिॲब नावाचा. त्यातला आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाला सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, असं त्यात दिसलं. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतलं पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्यांतली थोडी ऊर्जा डाळी-कडधान्यं, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांतून घेतली तेव्हा तो कमी दिसला. परिषदेच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर नको म्हणतात. थोडक्यात, भात कमी करा हा पेलिओचा सल्ला पेण-रोह्याच्या ताटाला नेमका लागू पडतो. त्या भाताच्या जागी काय घ्यायचं, इथे त्याचं गणित चुकतं. कारण संशोधकांच्या यादीत पहिलं नाव असलेलं वनस्पतीजन्य प्रथिनच पेलिओ हद्दपार करतो.

आणि खिशाचं गणित तर विचारूच नका. रील्समधला पेलिओ बदामाच्या पिठाचा, ॲव्होकाडोचा आणि परदेशी बेरींचा आहे. रोह्याच्या बाजारात बदामाचं पीठ मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून लक्षात आहे. उलट आपल्या खाडीपट्ट्यात काय काय आहे! धरमतरच्या खाडीतली कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या, खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा. जिताडा परवडत नाही हे मान्य, तो आता पाहुण्यांचा मासा झालाय. पण सुके बोंबील घ्या. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. मीठ भरपूर असतं, तेव्हा आधी दोन पाण्यांतून काढायचे.

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच गोष्ट अडकून राहिली. अश्मयुगीन जेवणाच्या जवळपास जाणारं काही आपल्या तालुक्यांत परवा-परवापर्यंत खरोखर खाल्लं जात होतं आणि ते खाणारे होते कातकरी. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी हा एक, कोलाम आणि माडिया गोंड हे बाकीचे दोन. डोंगरातले कंद, पावसाळ्यातल्या भाज्या, ओढ्यातले मासे, शेतातले खेकडे, ससा, उंदीर हे सगळं त्यांच्या ताटात होतं. आजही जूनच्या पावसात पेणच्या बाजारात कातकरी बाया शेवळं, टाकळा, भारंगी, करटोली घेऊन बसतात. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यासोबत काकडं घालावी लागतात, हे गिऱ्हाइकाला त्याच सांगतात. रानातलं 'नॅचरल' अन्न आपोआप सुरक्षित नसतं. ते खायला शिकावं लागतं आणि ती शिकवण इंस्टाग्रामवर कमी, त्या टोपलीपाशी जास्त मिळते.

पण त्या टोपलीतलं किती त्यांच्या घरी शिजतं? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. ते का केलं हे समजतं, पण ताटातलं मांस गेलं हेही खरं. कुंडलिकेचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेलं आहे, तेव्हा नदीच्या मासळीचं काय बोलायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला, पण दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा रानात जाणार कोण? मग राहतं रेशन. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट. त्याने पोट भरतं, त्याचं मोल कमी नाही. पण ते धान्यच आहे, म्हणजे पुन्हा कर्बोदकं. ज्याच्या आजोबांचं जेवण आपण 'चॅलेंज' म्हणून महिनाभर खातो, तो मुलगा भात आणि पातळ कालवणावर वाढतोय. रायगडचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणमध्येच आहे. कधी तिथे गेलात तर बाहेर बसलेल्या मुलांच्या मनगटांकडे बघा.

प्रथिनांचा प्रश्न खरा इथला आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना फळ. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, द्यायचंच तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. वीटभट्टीवरून परतलेल्या आई-बापांनी 'लोकसहभाग' कुठून आणायचा? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. आम्ही चौघांनी त्या तीस दिवसांत किती अंडी संपवली याचा हिशोब ग्रुपवर अजून आहे, आणि हा निर्णय वाचल्यावर तो पुन्हा उघडून बघितला.

सध्या माझ्या ताटात भात निम्मा आहे, बिरडं दुप्पट, आणि बुधवारी-रविवारी मासे. त्याला पेलिओ म्हणता येत नाही, दुसरं नावही नाही. आमच्या कँटीनमध्ये वडापाव आणि सामोशाच्या जोडीला उकडलेलं अंडं आणि कुठलीही एक उसळ ठेवा, दोन्हीचे दर सामोशाइतकेच ठेवा, असा अर्ज आम्ही साठ-सत्तर जणांच्या सह्यांनी दिलाय. शाकाहारी मित्राने तो लिहिला. उसळीचं जमेल म्हणालेत, अंड्याबद्दल विचार करून सांगतो म्हणाले.