दोन्ही भाषा येतात? बरं, मग सोडियमला काय म्हणाल?

समजा, साओ पाउलोत मातीवरची परिषद भरलीय. जपानहून शास्त्रज्ञ आलेत, समोर ब्राझीलचे संशोधक. मधे दुभाष्या हवाय. तुम्ही म्हणाल, तिथे काय कमी? १९०८ साली ‘कासातो मारू’ जहाज सांतोस बंदराला लागलं आणि आज जपानबाहेर जपानी वंशाची सगळ्यात जास्त माणसं ब्राझीलमध्येच आहेत. घरी आजीशी जपानी बोलणारा एखादा पोरगा उभा केला की झालं!

नाही होत. आजीकडून मिळालेली भाषा स्वयंपाकघरातली असते, तिच्यात नायट्रोजन नसतो. जपानीत त्याला ‘चिस्सो’ म्हणतात, म्हणजे गुदमरवणारं मूलद्रव्य. करा अंदाज! इंग्रजी पक्कं असून भागत नाही, कारण सोडियमला जपानी लोक ‘नातोरिउमु’ म्हणतात आणि पोटॅशियमला ‘कारिउमु’. हे शब्द जर्मनच्या वाटेने आलेत.

आकड्यांची तर खरी गंमत. जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते. दहा हजार म्हणजे एक ‘मान’, दहा कोटी म्हणजे एक ‘ओकु’. वक्ता ‘तीन ओकु’ म्हणाला की दुभाष्याने त्याच श्वासात तीनशे दशलक्ष म्हणायचं. कोटींचे मिलियन करताना आपली काय तारांबळ उडते ते आठवा. त्यात ब्राझीलचा बिलियन म्हणजे शंभर कोटी, पोर्तुगालचा म्हणजे एक लाख कोटी! म्हणून नुसतं ‘पोर्तुगीज येतं’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठलं?

शिवाय जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्या मराठीसारखंच. पीक ‘वाढलं’ की ‘वाढलं नाही’ हे वाक्य संपताना कळतं. पोर्तुगीजमध्ये ‘नाही’ क्रियापदाच्या आधी लागतं. डोक्याला इतका ताण, म्हणून बूथमध्ये दोघं बसतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी बदलतात. एकालाच दिवसभर बसवून पैसे वाचवणारे आयोजक मला तरी कंजूष कमी आणि बेजबाबदार जास्त वाटतात.

कारण चूक फक्त परिषदेत होत नाही. १९९० मध्ये जपानने कायदा बदलला आणि ब्राझीलमधले जपानी वंशाचे हजारो लोक हामामात्सु, ओइझुमीसारख्या ठिकाणी कारखान्यांत कामाला गेले. पोरं शाळेत जपानी शिकली, आईबाप मागे राहिले. मग डॉक्टरसमोर दुभाष्या कोण? घरातलंच पोर. बारा वर्षांच्या मुलीने आईला गाठीबद्दल सांगायचं, तेही शब्द माहीत नसताना. दोन्ही भाषा येतात ना, मग झालं, हाच तो हिशोब.

तेव्हा दुभाष्या शोधताना ‘किती वर्षं बोलता?’ विचारू नका. कुठल्या विषयावर काम केलंय ते विचारा. पेपर आणि स्लाइड्स आधी पाठवा. जो स्वतःहून त्या मागतो, शब्दांची यादी बनवतो, उलट शंका विचारतो, त्याला घ्या. जो ‘काळजी नको, जमेल’ म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

आणि तुमच्यातलं कुणी दिवसा बीएस्सी, संध्याकाळी जपानीचा क्लास करत असेल, तर एन-टू झाल्यावर केमिस्ट्रीची पुस्तकं रद्दीत घालू नका. पोर्तुगीजची भीती वाटत असेल तर एक सांगते, आपला ‘पाव’ आणि जपान्यांचा ‘पान’ दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेत. एक शब्द तर आत्ताच झाला.