भट्टीची वाया जाणारी उष्णता कोण सोसतो?

दरवर्षी 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो. कारखानदारांना पुरस्कार मिळतात, किती वीज आणि किती कोळसा वाचला याचे आकडे वाचून दाखवले जातात. भट्टीपुढे उभा असलेला कंत्राटी कामगार मात्र या हिशेबात कुठेच नसतो.

जालन्यासारख्या ठिकाणच्या रोलिंग मिलचा विचार करा. ओतलेली बिलेट थंड होऊ द्यायची, ती पुन्हा भट्टीत तापवायची आणि मग सळई काढायची, ही जुनी रीत. गरम बिलेट थेट रोलिंगला नेली, तर दुसऱ्यांदा तापवण्याचे इंधन वाचते. भट्टीला उष्णतारोधक अस्तर लावले तरी इंधन वाचते. कारण भट्टीच्या भिंतीतून आणि उघड्या दारातून निसटणारी उष्णता म्हणजे वाया गेलेले इंधनच! ती आधी कामगाराच्या अंगावर येते. म्हणून ऊर्जाबचत हा मालकाच्या बिलाइतकाच कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

कायदा काय करतो? ऊर्जा संवर्धन अधिनियम 2001 खाली 2012 मध्ये 'पॅट' योजना आली. पहिल्या टप्प्यात आठ क्षेत्रांतील 478 बडे ऊर्जाग्राहक निवडले गेले. लक्ष्याहून जास्त बचत करणाऱ्यांसाठी विकता येणारी प्रमाणपत्रे ठेवली गेली. कामगाराचा वाटा मात्र ठेवला नाही. दुसरीकडे, तप्त भागांना उष्णतारोधक आवरण घालण्यासारखे उपाय करून कामगाराचे रक्षण करा, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 13 बजावत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या 10 वरून 20 झाली. लहान भट्ट्यांवरील कामगारांनी दाद कुठे मागायची?

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि विजेचे नियोजनही त्याच खात्यात होते. आज ऊर्जा-लेखापरीक्षणाचा अहवाल ऊर्जा खात्याच्या यंत्रणेकडे जातो, तर कामगाराची तक्रार कामगार खात्याकडे. या दोन कागदांची गाठच पडत नाही.

ही गाठ कामगार संघटनांनी घालून द्यावी. कामगार उभा राहतो त्या जागेचे तापमान लेखापरीक्षणात नोंदवलेच पाहिजे, ही मागणी करावी. अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागावी. व्यापारी गुपिताची सबब पुढे आली, तर त्याच अधिनियमाच्या कलम 8(1)(घ) मधील व्यापक जनहिताचा अपवाद दाखवावा. कामगाराचा जीव हे जनहित नाही, असे म्हणण्याची हिंमत कोण करील?